यंत्राचा गांधार

कादंबऱ्यांवर आणि कथासंग्रहांवर मी यापूर्वी थोडेफार लिहिले आहे. परंतु एका घरगुती संगणकाच्या माहितीपुस्तकातील एकाच प्रकरणावर टीकालेख लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल, असे कोणी दोन दिवाळ्यांपूर्वी म्हटले असते, तर मी त्याच्यापुढे चकल्यांची बशी सरकवून विषय बदलला असता. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे आमच्या आईच्या भाषेत मॅट्रिक. व्यवसाय लहान वर्गांना शिकवण्याचा. संगणकाशी संबंध हजेरी भरण्यापुरता. गाण्यातले जे काही कळते ते घरात कानावर पडून कळलेले. तेव्हा अधिकाराचा प्रश्न वाचकांनी इथेच निकालात काढावा. माझी बाजू एवढीच, की गेल्या वर्षभरात इतक्या लक्षपूर्वक मी दुसरे काहीही वाचलेले नाही.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. त्याला जुन्या संगणकांचा नाद आहे. ती यंत्रे आता सहजी मिळत नाहीत. पण त्यांचे हुबेहूब सोंग घेणारे प्रोग्राम मिळतात, आणि ते आजच्या लॅपटॉपवर चालतात. गेल्या दिवाळीत तो आला तो असे एक सोंग बरोबर घेऊनच. फराळ झाल्यावर म्हणाला, "मावशी, या पुस्तकात आपल्या संगीताविषयी एक वाक्य आहे. बरोबर आहे का, सांग." वाक्य वाचून मी "नाही" म्हणाले. का नाही, हे सांगायला मला वर्ष लागले.

पुस्तकाचे नाव 'झेडएक्स स्पेक्ट्रम बेसिक प्रोग्रामिंग'. स्पेक्ट्रम हा इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये विक्रीस आलेला संगणक. रबरी बटणांचा, एखाद्या पुस्तकाच्या आकाराचा, आणि घरच्याच टेलिव्हिजनला जोडावयाचा. त्याचा लहान नमुना १२५ पौंडांना मिळे, मोठा १७५ ना. पुस्तकाचे लेखक स्टीव्हन विकर्स हे मुळचे गणिती. या यंत्रात बसवलेली बेसिक भाषाही मुख्यतः त्यांनीच रचली. हा योग दुर्मीळ समजला पाहिजे. एरवी यंत्र घडवणारा एक असतो आणि त्याची माहिती लिहिणारा दुसराच. आणि तो दुसरा इतका भेदरलेला असतो की वाक्यावाक्याला सावधगिरीच्या सूचना पेरत जातो. इथे ज्याने सुराची आज्ञा तयार केली, तोच तिच्याशी कसे खेळावे ते सांगतो आहे. पुस्तकातील एकोणिसावे प्रकरण या आज्ञेचे. तिचे नाव 'बीप'.

बीप समजण्यास सोपी. तिच्यापुढे दोन आकडे लिहावयाचे. पहिला काळाचा, सेकंदात. दुसरा सुराचा: पेटीवरील मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे १, पुढची पांढरी २, याप्रमाणे वर चढावयाचे, खाली उतरताना उणे आकडे. म्हणजे 'बीप १, ०' लिहिले की पांढरी एकचा षड्ज सेकंदभर वाजतो. आवाज लहानमोठा करण्याची सोय नाही. एका वेळी एकच सूर. तो वाजत असेपर्यंत यंत्र दुसरे काहीही करत नाही. समोरच्या खेळातला चेंडूसुद्धा हवेत लटकून राहतो. (१९८३ च्या 'मॅनिक मायनर' या खेळात मॅथ्यू स्मिथ याने सुरांचे तुकडे खेळाच्या मधल्या फटींत बसवून पाहिले, तेव्हा लोकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले, असे भाचा सांगतो.)

एवढ्या भांडवलावर लेखकाने उदाहरण घेतले ते गुस्ताव माहलर याच्या पहिल्या सिंफनीचे! त्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात युरोपातील मुलांचे एक सर्वपरिचित गाणे शोकयात्रेच्या चालीत येते. प्रकरणातील पहिल्या ओळीचे आकडे आपल्या सरगमीत मांडले तर सा, रे, मग कोमल ग आणि रे अर्ध्या अर्ध्या मात्रेचे, आणि पुन्हा सा. कोमल गांधाराचा आकडा ३. तो पुसून तेथे ४ घातला की शोक नाहीसा होतो आणि आपण मूळ बालगीताच्या अंगणात येऊन उभे राहतो. हे लेखकाने सांगितलेले नाही. आम्हीच करून पाहिले. परंतु करून पाहावेसे वाटावे अशाच रीतीने उदाहरण निवडलेले आहे. मी वर्गात शिकवते म्हणून मला हे विशेष जाणवते. वाईट धडा मुलाला उत्तर देतो आणि गप्प बसवतो. या धड्यात एक आकडा बदलला की घरभर फरक पडतो.

सूचनाही अशाच. स्वरांचे आकडे नुसते न लिहिता प्रत्येकात एक पट्टीचा आकडा मिळवा, म्हणजे तो एक बदलला की सगळे गाणे दुसऱ्या पट्टीत जाते. आणि तो अपूर्णांकही चालतो, म्हणून घरातील दुसऱ्या वाद्याशी यंत्र जुळवून घेता येते. काळाचेही तसेच: मात्रा किती सेकंदांची ते एकदा ठरवा, लय आपोआप कमीजास्त होईल. पियानो नसेल आणि लिहिलेले संगीतही नसेल, तर एखादी साधी शिट्टीवजा बासरी मिळवा, तिच्यावर सूर शोधा आणि कोणत्या सुराला कोणता आकडा पडतो याचा तक्ता करा. आकडा वाढवत वाढवत न्या आणि यंत्र कुठे हात टेकते ते पाहा. एकाहून अधिक सूर हवे असतील तर बाकीचे तुम्हीच गा, असेही लेखक मिस्कीलपणे सुचवतो. प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय आहे, आणि त्यात माहलरची उरलेली सिंफनी पुरी करण्यास सांगितले आहे. शंभर वादकांचे काम एका चिमुकल्या स्पीकरला! मी हा स्वाध्याय आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. गणिताचे सर हसले, संगीताच्या बाईंनी मात्र गंभीरपणे विचारले, "किती दिवसांची मुदत आहे?"

इतर यंत्रांची पुस्तकेही भाच्याने मला दाखवली, आणि तुलनेने या प्रकरणाचे मोल अधिक कळले. बीबीसी मायक्रो हा १९८१ च्या अखेरीचा संगणक. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेतून काही निवडक शाळांत जो पोचला, तो हाच. त्याच्या ध्वनीच्या आज्ञेला चार आकडे लागतात, आणि सुराला आकार द्यावयाचा झाल्यास दुसऱ्या आज्ञेला चौदा. जॉन कोल यांनी लिहिलेले त्याचे पुस्तक नीटनेटके, जबाबदार, आणि वाचताना शिस्तखाते आठवावे असे आहे. चौदा आकडे तक्त्यात मांडलेले. प्रत्येकाची किमान व कमाल मर्यादा दिलेली. पण तो सूर ऐकून काय वाटावे, हे कुठे नाही. कमोडोर ६४ (१९८२) या यंत्राची कथा याहून वाईट. त्यात बॉब यानेस यांनी रचलेली, तीन स्वतंत्र आवाजांची, उत्कृष्ट ध्वनिचकती होती. परंतु त्याच्या बेसिक भाषेत ध्वनीसाठी एकही शब्द नव्हता. ५४२७२ पासून ५४२९६ पर्यंतच्या घरांत आकडे नेऊन टाकावयाचे. एका सुरासाठी दोन घरे, आकाराला निराळी, आवाजाला निराळे. स्वराला तेथे नाव नाही, नुसता पत्ता आहे. हे पत्ते पाठ करूनही रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांच्यासारख्यांनी त्या चकतीतून मोठे काम करून घेतले, हे श्रेय त्यांचे, पुस्तकाचे नव्हे.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहिते आहे, त्याकडे वळते. त्यासाठी थोडे घरातले सांगणे भाग आहे.

माझे वडील, आप्पा, एका सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी मिरजेहून तंबोरा आणला. पहाटे तासभर ते गात. मैफलीला कधी बसले नाहीत. मी सोळा वर्षांची असताना मला पेटी शिकावयाची होती. आमच्या शेजारी एक पेटी पडून होती, स्वस्तात मिळणार होती. आप्पा म्हणाले, "पेटीचा गांधार चढा असतो. कान बिघडेल." मी म्हणाले, "मग सगळ्या महाराष्ट्राचा कान बिघडलाय वाटतं?" नाट्यगीते, भजने, कीर्तने, सगळी पेटीवरच चालतात, हे मी त्यांना मोजून दाखवले. ते काही बोलले नाहीत; पेटी मात्र घरात आली नाही. मी पेटीही शिकले नाही आणि हट्टाने तंबोऱ्यालाही हात लावला नाही. पुढे १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केले होते आणि ते तीसेक वर्षे बंद होते, हे कुठेसे वाचले, तेव्हा मला वाटले, आप्पा त्याच जमातीचे: ऐकू येवो न येवो, सोवळे पाळणारे. ते गेले तेव्हाही माझे मत हेच होते.

विकर्स यांनी प्रकरणाच्या मध्यावर एक सप्तक दिले आहे. आधी साधे: ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२. हे पियानोचे, अर्थात पेटीचेही. त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. मग ते सांगतात, की व्हायोलिन वाजवणारा बोट किंचित सरकवून निराळे, अधिक गोड सूर काढतो. आणि त्या नैसर्गिक सप्तकाचे आकडे देतात. त्यात तिसऱ्या स्वराला, म्हणजे शुद्ध गांधाराला, आकडा आहे ३.८६.

चार नव्हे, ३.८६. पेटीचा गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा. आप्पा जे सांगत होते ते इंग्लंडातील एका रबरी यंत्राच्या पुस्तकात दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले होते, आणि तेही आमच्या भांडणाच्या आधीपासून.

या आकड्यामागचे गणित कठीण नाही. षड्ज आणि गांधार यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर चारास पाच असे धरले, की सप्तकाच्या बारा समान भागांच्या मापाने ते ३.८६ येते. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर जो आपोआप उमटतो, ज्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात, तो हाच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते अशाच गुणोत्तरांच्या शोधात. श्रुतींची पेटी करण्याचेही प्रयत्न त्या काळात झाले. म्हणजे विषय आपल्या दाराशीच होता.

परंतु आकडा वाचणे निराळे आणि ऐकणे निराळे. विकर्स प्रामाणिकपणे लिहितात, की हा फरक कोणाला जाणवेल, कोणाला जाणवणार नाही. भाच्याने दोन्ही सप्तके वाजवली. मला काहीही फरक कळला नाही. पुन्हा वाजवली. मेहुण्यांना "दुसरे जरा मवाळ" वाटले, पण ते प्रत्येक दुसऱ्या गोष्टीला मवाळ म्हणतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नुसतं काय वाजवता? खाली सा धरा की."

टीकाकार म्हणून माझा या प्रकरणावरील पहिला मोठा आक्षेप आईच्या या वाक्यात आहे. फरक ऐकावयाचा तर खाली षड्ज हवा, आणि एका वेळी एकच सूर काढणारे यंत्र तो देऊ शकत नाही. सूर एकामागून एक सुटे वाजवले, तर एवढा बारीक फरक माझ्यासारखीच्या कानातून निसटतो. लेखकाने शिट्टी आणा म्हटले, तसे इथे 'एखादी तार छेडत ठेवा' म्हणावयास हवे होते.

तंबोरा माळ्यावर होता. उतरवला, पुसला. तारा जुन्या, ताणायची भीती. काळी एकच्या जरा खालीच राहिला. तेव्हा पट्टीच्या आकड्याची ती सूचना उपयोगी पडली. काळी एक म्हणजे १, आम्ही ०.९, ०.८५ असे उतरत उतरत ०.८ वर आलो आणि यंत्राचा षड्ज तंबोऱ्यात विरघळला. मग भाच्याने गांधार वाजवला, ४ चा. सूर तंबोऱ्याशी घासत होता. वर एक बारीक थरथर चालू होती. मग ३.८६. थरथर थांबली. मी त्याला तो पाच-सहा वेळा वाजवावयास लावला. आई बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. ती काही म्हणाली नाही, आणि मीही काही बोलले नाही.

आता ते वाक्य. नैसर्गिक सप्तकाचे विवेचन संपवून विकर्स सांगतात, की काही संगीतांत, उदाहरणार्थ भारतीय संगीतात, अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरे वापरतात. तीही बीपमध्ये सहज लिहिता येतात, कारण पाव स्वर म्हणजे ०.५. वाक्याचा हेतू उदार आहे. १९८२ मध्ये मुलांच्या संगणकाचे पुस्तक लिहिताना आपल्या संगीताची आठवण ठेवणारे किती असतील? तरीही वाक्य चुकीचेच आहे. श्रुती म्हणजे अर्ध्या स्वराचे दोन समान तुकडे नव्हेत. समान तुकडे करण्याची खोड पियानोची. आमच्या संगीताशी ज्याचे नाते, तो ३.८६ लेखकाने याच प्रकरणात व्हायोलिनच्या नावावर लिहून ठेवला, आणि आमच्या पदरात ०.५ टाकला. किल्ली हातात असून त्यांनी पाहुण्याला खिडकी दाखवली.

गंमत अशी, की सूक्ष्म स्वरांची खास सोय म्हणून ज्याचे कौतुक व्हावे तो बीबीसी मायक्रो इथे साफ पडतो. त्यात अर्ध्या स्वराचे चार भाग पाडलेले आहेत, आणि आकडे पूर्णांकीच. गांधाराला पायऱ्या दोनच: ४ किंवा ३.७५. एक चढा, एक उतरलेला. आप्पांचा गांधार दोहोंच्या मधल्या फटीत हरवतो. विकर्स यांनी दशांश चिन्हाला मोकळे सोडले, एवढ्यासाठी मी त्यांना शंभर चुका माफ करीन.

दशांशांनीही सगळे साधत नाही, हे आम्हाला पुढच्या दोन दिवसांत कळले. भूपाचे पाच स्वर लिहिले: ०, २.०४, ३.८६, ७.०२, ८.८४. भाचा खूष झाला. मी म्हटले, "आता देसकार लिही." त्याने स्वर विचारले. तेच पाच. "मग फरक काय?" भूपाचा वादी गांधार, देसकाराचा धैवत. भूप गांधारावर विसावतो. देसकार वरच्या अंगाने, धैवतावर रेंगाळत चालतो. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने सुरांचे आकडे तसेच ठेवून पहिले आकडे, काळाचे, बदलावयास सुरुवात केली. गांधाराला दोन सेकंद होते ते अर्ध्यावर आणले, धैवताला दिले, फिरण्याचा क्रम पालटला. ओबडधोबड, गाडीच्या भोंग्याच्या आवाजातला, पण देसकाराचा भास झाला. बीपमध्ये काळ आधी लिहावयाचा आणि सूर नंतर, याचे मला प्रथम नवल वाटले होते. ते आता वाटेनासे झाले. या पहिल्या आकड्याविषयी प्रकरणात लयीपलीकडे काहीच नाही, ही मला त्यातील खरी उणीव वाटते.

मींड मात्र निघाली नाही. ० पासून ३.८६ पर्यंत बारीक बारीक पायऱ्या लिहून पाहिल्या. प्रत्येक बीपनंतर यंत्र पुढचा हिशेब करावयास क्षणभर थांबते, त्यामुळे मींडेऐवजी कोणी गुळण्या करीत असल्यासारखा आवाज आला. आई म्हणाली, "सर्दी झालीय त्याला." बीबीसी मायक्रोच्या त्या चौदा आकड्यांत सूर सरकवण्याची सोय आहे, हेही न्यायासाठी नोंदवते. म्हणजे ज्याला सरकता येते त्याला गांधार नाही, आणि ज्याला गांधार आहे त्याला सरकता येत नाही.

एका बाबतीत विकर्स यांचे म्हणणे पुढे खोटे ठरले. एका वेळी एकच सूर, असे त्यांनी निक्षून लिहिले. १९८७ मध्ये टिम फॉलिन या, वयाची विशीही न गाठलेल्या मुलाने 'क्रोनॉस' या खेळासाठी त्याच एका स्पीकरमधून अनेक आवाज एकदम वाजत असल्याचा भास निर्माण केला. बेसिक सोडून यंत्राच्याच भाषेत शिरून स्पीकर इतक्या झपाट्याने चालू-बंद केला, की कान फसला. तथापि या युक्तीचे बीजही याच प्रकरणात आहे. अगदी खालचे सूर नुसते टकटक वाटतात, आणि वरचे सूरही तशाच टकटकींचे, फक्त फार जलद, असे विकर्स यांनी सांगून ठेवले आहे. आपल्याच विधानाला छेद देणारे साधन वाचकाच्या हाती देणारा लेखक मला आवडतो.

भाचा यंदा पुन्हा येणार आहे. उरलेल्या सिंफनीचा स्वाध्याय आम्ही सोडून दिला असून भीमपलास घेतला आहे. त्याच्या कोमल निषादाला कोणता आकडा द्यावा यावर फोनवर दोनदा वाद झाले. १०.१८ की ९.९६, ते ऐकल्याशिवाय ठरणार नाही, आणि ऐकायचे तर खाली षड्ज हवा. तंबोऱ्याची एक तार आषाढात तुटली. मिरजेला तारा सांगितल्या आहेत. त्या येईपर्यंत पट्टी ०.८ वरच ठेवायला मी त्याला बजावले आहे.